अर्धा हंडा आणि सातवा खिळा

तालमीच्या उंबऱ्याच्या आत मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. आमच्याकडे बाईमाणसाने कुस्तीच्या हौद्याच्या मातीकडे पाहायचंसुद्धा नाही, मारुतीला चालत नाही म्हणे. मारुतीने मला तसं कधी सांगितलं नाही, सांगितलं ते तालमीतल्या गड्यांनीच. पण त्या तालमीची पूर्वेची भिंत मला अशी पाठ होती, की कोणत्या फोटोची काच कुठे तडकली आहे ते मी चुलीपुढे बसून सांगितलं असतं. कारण आमचे हे रोज जेवताना ती भिंत मला ऐकवायचे. मी त्यांना भाकरी वाढायची आणि त्यांनी मला भिंत.

पिंप्राळा तेव्हा जळगावला चिकटलं नव्हतं. रेल्वेचं फाटक ओलांडलं की शेतं लागायची, मग गाव. आमचे हे जळगावच्या एका जिनात कामाला होते, कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसवर. पहाटे तालीम, दिवसा जिन, संध्याकाळी परत तालीम, आणि उरलेल्या वेळात माझा संसार. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात मी वैतागून विचारलं, "अहो, तुमचं लग्न कोणाशी लागलंय, माझ्याशी का त्या हौद्याशी?" तर हा माणूस इतका सरळ, की खरोखर विचारात पडला. मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या भिंतीवर सहा फोटो होते. फोटो कोणाचा लागणार, हा कायदा वस्तादांचा. जत्रेतली शेवटची कुस्ती निकाली मारायची. निकाली म्हणजे समोरच्याची पाठ मातीला लागली पाहिजे. बरोबरीत सुटली, चालणार नाही. समोरचा आलाच नाही म्हणून जिंकली, चालणार नाही. मारली की जळगावच्या स्टुडिओत फोटो, काच, चौकट, हार, आणि वस्तादांच्या हाताने भिंतीवर. वस्तादांपुढे वशिला चालायचा नाही. त्यांच्या सख्ख्या भावाचाही फोटो तिथे नव्हता, आणि तो भाऊ मरेपर्यंत त्यांच्याशी धड बोलला नाही.

पहिला फोटो हा फोटोच नव्हता, ते चित्र होतं. वस्तादांचे वस्ताद गेले तेव्हा कोणाला कॅमेऱ्याचं सुचलं नव्हतं, म्हणून दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून काढून घेतलं. त्या पेंटरला आयुष्यभर मारुतीच काढायची सवय. त्याने तोच मारुती काढला, फक्त शेपूट गाळली. दुसरा पिंजाऱ्याचा. कापूस पिंजून पिंजून त्याचे दंड असे झालेले की एका हाताने गडी उचलायचा, आणि पाडलेल्या गड्याला घरी नेऊन आईच्या हातचा शिरखुर्मा खाऊ घालायचा. तिसरा एका मारवाडी शेठजींच्या मुलाचा. शेठजींना वाटायचं, पोरगा पहाटे देवळात जातो. एका नागपंचमीला शेठजी तालमीला देणगी द्यायला आले आणि भिंतीवर पाहतात तो काय, चिरंजीव लंगोटावर! शेठजी तिथेच मट्‌कन बसले. मग चष्मा पुसून म्हणाले, "चौकट तरी जरा बरी घालायची." दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी चौकट पाठवली. चौथा पोस्टमनचा. तो माणूस तेव्हाही आमच्या गावात पत्रं वाटत होता आणि पत्र देताना आपल्या कुस्तीची गोष्ट फुकट द्यायचा. पाचव्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जिंकला एवढंच. सहावा एका गाडीवानाचा, त्याच्या काचेला तडा.

आणि सहाव्याच्या शेजारी सातवा खिळा. नुसता खिळा.

हा खिळा आमच्या ह्यांचा. बावीस वर्षांचे होते तेव्हा त्यांनी तालमीतला सगळ्यात भारी गडी खाली घेतला, आणि वस्तादांनी खुशीत येऊन त्याच दिवशी भिंतीवर खिळा ठोकला. म्हणाले, "हाऊ तुन्हा. आते फोटू लई ये." खिळा ह्यांचा, फोटो ह्यांनी आणायचा. त्याला दहा वर्षं होत आली होती. दहा वर्षं रिकामा खिळा भिंतीवर राहिला तर माणसं काय करणार? टांगणार. कोणी टॉवेल टांगला, कोणी कॅलेंडर, वस्तादांनी स्वतः सदरा टांगला. त्या दिवशी हे घरी यायचे ते तोंड पाडून. "आज काय होतं?" मी विचारायची. "छत्री." मग जेवताना भिंत नाही, गोष्ट नाही, गुपचूप भाकरी मोडायची.

सुरुवातीला मला हसू यायचं. मोठा माणूस, एका खिळ्यासाठी काय रुसून बसायचं! पण घासाघासाला कोणी आपल्यासमोर उतरलेलं तोंड घेऊन बसलं, की ते दुखणं आपलंही होतं. कधी झालं कळलं नाही, पण झालं. मारुतीला मी सांगून टाकलं, बाबा, तुझ्या दारात येत नाही, तुझा कायदा पाळते, पण माझ्या माणसाचा फोटो तिथे लाव.

भडगावच्या बाजूला गिरणेच्या काठावर एका गावाची चैत्रात जत्रा भरायची. नदीच्या वाळूत कुस्त्या. आपल्या खानदेशात कुस्तीला बक्षीस म्हणजे भांडं. लहान कुस्तीला तांब्या, त्याहून मोठीला कळशी, आणि शेवटच्या कुस्तीला तांब्याचा हंडा. असा हंडा की आत पोर बसवलं तर दिसू नये. त्या वर्षी शेवटची कुस्ती ह्यांची लागली धुळ्याच्या एका गड्याशी. तोही ह्यांच्याच वयाचा, म्हशी पाळून दूध घालणारा. तासभर दोघे एकमेकांना रेटत राहिले. कोणी पडेना. दिवस कलला तशी पंचांनी बरोबरीत सोडली.

आता हंड्याचं काय करायचं? बाकीची बक्षिसं वाटून देता येतात, हंडा काय कापायचा? पंच डोक्याला डोकं लावून बसले आणि त्यांनी असा न्याय केला, की तो ऐकून मी पदर तोंडाला लावून हसले. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्यतृतीयेपासून, दिवाळीपर्यंत हंडा धुळ्याला, दिवाळीपासून आखाजीपर्यंत पिंप्राळ्याला. पुढच्या साली परत कुस्ती. जो निकाली मारेल त्याचा हंडा कायमचा.

पहिल्या साली हंडा जत्रेतूनच थेट धुळ्याला गेला. दिवाळीत आला तो रिकामा नाही. काठोकाठ लाल मिरच्या, दोंडाईच्याकडच्या, तांबड्याभडक. सोबत निरोप, "आमच्या दारातून भांडं रिकामं जात नाही." पाठवणारी त्या गड्याची बायको. मी मिरच्या पाहिल्या आणि माझा पारा चढला. म्हणजे आमच्या दारातून जातं की काय रिकामं? आम्ही काय भिकारी? आखाजीच्या आत हंडा परत जाणार होता, तेव्हा मी आमच्याकडची भरिताची वांगी भरली, एक एक लग्नाच्या पोरीसारखी निवडून, वर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, चळत, आणि ह्यांना सांगितलं, "तिला म्हणावं, भरीत कसं करायचं ते माहीत नसेल तर विचारून घे."

दुसऱ्या वर्षी कुस्ती परत बरोबरीत. सगळी जत्रा ओरडली, पंचांनी कपाळं धरली. आमच्या दोघींची मात्र जोरात चालली होती. त्या दिवाळीला तिच्याकडून शेंगदाणे, त्यावर लसणाच्या माळा. हंडा आणणाऱ्याच्या हाती माझ्याकडून उलट केळी आणि कुरडया. शेंगदाण्यांच्या तळाशी चोळीचा खण निघाला, हिरवा. मी खण हातात घेऊन बराच वेळ बसले. जिचं तोंड पाहिलेलं नाही तिला माझ्या अंगावर हिरवा रंग खुलतो हे कसं कळलं? मग कळलं, ह्यांनीच कधी तरी सांगितलं होतं. कुस्तीच्या आधी दोघे गडी गप्पा मारतात आणि बायकांचे रंग एकमेकांना सांगतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण गावाचं तोंड कोण धरणार? हंडा आमच्या दारात असला की पाण्याला आलेली शेजारीण मुद्दाम विचारायची, "हा तुमचा का गं? की धुळेकरांचा?" तिच्या नवऱ्याने त्याच्यावर आणखी कडी केली, ह्यांना 'अर्धा हंडा' म्हणायला लागला. "काय अर्धा हंडा, निघाले का जिनात?" हे हसून सोडून द्यायचे. मला नाही सोडता येत. माझा स्वभावच तसला. नाकाला मिरची लागली की मला पाणी नको, ज्याने लावली त्याचं नाक हवं.

तिसऱ्या साली वस्ताद स्वतः घरी आले. ओट्यावर बसून म्हणाले, "ह्या साली निकाल. मी सांगतो. आपल्या गड्याचा दम वाढलाय, आणि हे शेवटचं साल. चौतिशी झाली, पुढच्या साली मीच उतरू द्यायचा नाही." ह्यांनी मान खाली घातली. म्हणजे फोटो लागला तर आता, नाही तर कधीच नाही. वस्ताद गेल्यावर हे कितीतरी वेळ अंगणातल्या हंड्याकडे पाहत होते. आणि मला काय झालं कोणास ठाऊक, मी मनात ठरवूनच टाकलं.

नवीन भांडं घेतलं की त्यावर नाव घालायचं, ही रीत. जळगावला भांड्यांच्या दुकानांत एक म्हातारा बसायचा, छिन्नी आणि हातोडी घेऊन, टिकटिक टिकटिक अक्षरं पाडायचा. जत्रेला आठ दिवस होते. हे जिनात गेल्यावर मी हंडा टांग्यात घातला आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवला. ह्यांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. खाली 'पिंप्राळा'. आणि त्याच्या खाली 'विजयी'.

म्हाताऱ्याने हातोडी थांबवली. "बाई, जत्रा तर व्हायची आहे."

"तुम्ही घाला हो. होईल तेव्हा होईल."

"नाव घातलं की निघत नाही, बरं का. भांडं मोडीत जाईस्तोवर राहतं."

"राहायलाच पाहिजे!" मी म्हटलं. शहाणीच मी.

घरी आणून नावाची बाजू भिंतीकडे केली, पाणी भरून ठेवलं, आणि तोंडाला कुलूप घातलं. जत्रेच्या दिवशी ह्यांच्या कपाळाला अंगारा लावताना मला हसू आवरत नव्हतं. हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. या लवकर."

त्यांच्या आधी आला पोस्टमन. चौथा फोटो. सायकल ओट्याला टेकवली, टोपी काढली, आणि आज त्याने स्वतःच्या कुस्तीची गोष्ट सांगितली नाही, तेव्हाच मला कळलं. कुस्ती जोरात चालली होती, तो म्हणाला. ह्यांनी दोनदा गडी जवळजवळ पाठीवर नेला होता. मग एका झटक्यात ह्यांचा खांदा निखळला. धुळ्याच्या गड्याला हाताखाली कळलं. तो थांबला आणि त्याने हळूच विचारलं, "सोडू का भाऊ? परत बरोबरीत घेऊ." हे म्हणाले, "नको. खेळ." आणखी पाच मिनिटं एका हाताने खेळले. मग पाठ मातीला लागली.

हात गळ्यात अडकवून हे संध्याकाळी ट्रकमधून उतरले. मी गरम पाणी दिलं, हळद लावली. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी वस्ताद येऊन समोर बसले. त्या कडक माणसाने आधी खांद्याचा लेप पाहिला, मग जिनाची विचारपूस केली. शेवटी म्हणाले, "खिळा काढून टाकू का?"

"राहू द्या," हे म्हणाले. "छत्रीला लागतो."

वस्ताद हसले, हेही हसले. मी आत गेले आणि मोरीत तोंड धुतलं.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी विषय काढला. "आखाजीच्या आत हंडा धुळ्याला पोचवला पाहिजे. आता तो त्यांचा." किती दिवस लपवणार? मी ह्यांचा चांगला हात धरला, अंगणात नेलं आणि हंडा फिरवला. ह्यांनी वाचलं. एक एक अक्षर. 'विजयी'पर्यंत आले आणि तिथेच थांबले. मला वाटलं, आता बोलतील, रागावतील, काही तरी फेकतील. रागावले असते तर बरं झालं असतं. हे खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी धावत म्हाताऱ्याकडे गेले. "घासून काढा." तो म्हणाला, "बाई, घासलं तर पत्रा पातळ होईल, भोक पडेल. मी सांगितलं नव्हतं?" सांगितलं होतं. देवाने कान दिले पण माझ्या हट्टापुढे कानांचं काय चालतं?

"तू कोरलंस, तू जा," हे म्हणाले, एवढंच. हात गळ्यात होता, त्यांना जाता येण्यासारखं नव्हतंच. आमच्या लहान पोरीला जावेकडे ठेवलं, हंडा चिंच-राखेने आरशासारखा घासला, वांगी आणि बिबडे भरले, वरून फडकं बांधलं, आणि पहाटेच्या एसटीने निघाले. जन्मात एकटी कधी पारोळ्याच्या पुढे गेले नव्हते. कंडक्टर म्हणाला, "हंड्याचं तिकीट काढावं लागेल."

"का? सीटवर बसणार आहे का तो?"

"जागा तर अडवतोय ना!"

"मग खिडकीपाशी बसवा त्याला. त्याचं धुळं बघायचं राहिलंय."

गाडी हसली, तिकीट मात्र काढावं लागलं. बोलायला मी बोलले, पण सारा रस्ता हंड्यावरचं फडकं घट्ट करत राहिले. आता तिथे काय तोंड दाखवायचं? नवरा हरला तो हरला, वर बायको हरलेल्या हंड्यावर 'विजयी' मिरवत येते! लोक म्हणतील, पिंप्राळ्याच्या माणसांना लाज नाही. ह्यांच्या इज्जतीची मी स्वतःच्या हाताने माती केली होती, आणि ही माती हौद्यातली नव्हती.

धुळ्याला त्यांचं घर विचारावं लागलं नाही, म्हशींनी सांगितलं. दारात एक ठेंगणी, गोरी बाई धार काढून उठत होती. मला पाहिलं, हंडा पाहिला, आणि हात पुसायचंही विसरली. "व माय! ये व बहीन, ये. बठ." माझ्या डोक्यावरचा हंडा तिने उतरवून घेतला, पाणी दिलं, चहा टाकला. तिचा नवरा आतून आला, हा एवढा आडवा गडी, दारात मावेना. "या वहिनी. भाऊचा खांदा कसा आहे?"

मी कप खाली ठेवला, फडकं सोडलं, वांगी पाटीत ओतली आणि हंडा त्यांच्याकडे फिरवला. "आधी हे वाचा," म्हटलं, "मग पाहिजे तर मला चहा द्या. हे मी केलंय. ह्यांना माहीत नव्हतं. ह्यांचा काही दोष नाही."

त्याने बोट फिरवत मोठ्याने वाचलं. नाव, गाव, विजयी. मी जमिनीकडे पाहत होते. मग एक आवाज आला. पाहते तर तो हसत होता, पोट हलवून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "'विजयी' तेवढं जरा जास्त झालं वहिनी," तो म्हणाला, "पण तीन सालं मला घाम फोडला ना भाऊने, मग अर्धं तरी खरं आहे."

"मी दुसरा हंडा घेऊन देते," मी म्हटलं. "हा मोडीत घाला."

तेव्हा ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मोडमा कसाले? ऱ्हाऊ दे ते नाव! मन्हा नवरानी कोनले पाडं, हाई लोकेस्ले समजाले नको का?" ऐऱ्यागैऱ्याला पाडून आणलेला हंडा ती रोज घासतच नसती, असं तिचं म्हणणं. ज्याला पाडायला तीन सालं लागली त्याचं नाव नसेल तर हंडा काय, बाजारात शंभर मिळतात. आणि दिवाळीला मी तो न्यायला यायचं. कुस्ती निकाली झाली ती गड्यांची. "आपली वाटनी ती वाटनीच."

इतके दिवस जिच्याशी मिरच्या-वांग्यांनी भांडले, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिच्या अंगाला दुधाचा वास होता.

जेवण झालं. गडी झोपला. तिने किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, "चाल. तुले काहीतरी दाखाडस." त्यांची तालीम पलीकडच्या गल्लीत. तालमीचं दूध तिच्याकडून जायचं, आत ठेवता यावं म्हणून किल्ली तिच्यापाशी. बाई चालत नाही, बाईने काढलेलं दूध चालतं, घ्या! मी उंबऱ्याशी थबकले. "अगं, आपल्याला चालतं का?"

"दुपारले कोन ऱ्हास तठे? मारुती नि पाली."

चपला काढल्या, मारुतीला हात जोडले आणि आत गेले. थंडगार अंधार, तेलाचा आणि मातीचा वास. आमच्या ह्यांच्या सदऱ्याला येतो तोच. तिने खिडकी उघडली. समोर भिंत. इथेही फोटो होते, पाच. तिने एकेक सांगायला सुरुवात केली आणि मी एकेक पाठ करत गेले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सवयच ती.

पाचव्याला नवी चौकट, ताजा हार. कुस्तीच्या आधी भडगावच्या फोटोवाल्याने काढलेला. वाळू, मागे फेट्यांची गर्दी, आणि हातात हात घेतलेले दोन गडी. एक तिचा. एक माझा.

त्यांच्या वस्तादाने म्हणे कात्री घेतली होती. जिंकला त्याचा फोटो, दुसरा कापून टाका. तर हा आडवा गडी म्हणाला, "त्याला कापलं तर माझा हात कोणाच्या हातात दिसेल? भुताच्या? लावायचा तर दोघांचा लावा, नाही तर मलाही काढा." वस्ताद दोन दिवस कात्री घेऊन फिरला. तिसऱ्या दिवशी त्यानेच मोठी चौकट आणली.

मी फोटोजवळ गेले. हात लावला नाही. ह्यांच्या डाव्या भुवईवर मातीचा ठिपका होता, आणि हे हसत होते. कुस्तीच्या आधी हे असे हसतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. हे खाटेवर, तोंड भिंतीकडे.

"हंडा पोचला?"

"पोचला."

"नाव वाचलं?"

"वाचलं. मोठ्याने."

"हसले असतील."

"हसले."

मी पाय धुतले, चूल पेटवली, भाकरी थापल्या. ताट वाढलं. डाव्या हाताने खाताना त्यांना घास नीट मोडता येत नव्हता, म्हणून मी भाकरी कुस्करून दिली. मग समोर बसले आणि सुरुवात केली.

"धुळ्याच्या भिंतीवर पाच फोटो आहेत. पहिला त्यांच्या जुन्या वस्तादांचा, एक कान मोडलेला. दुसरा कापडगिरणीतला मजूर, रात्रपाळी करून सकाळी लढायचा. तिसरा नरडाण्याचा, रेल्वेत गँगमन, रूळ एकटा उचलायचा म्हणतात, मला खोटं वाटतं. चौथा आंधळा झाला पण अजून पोरांना डाव शिकवतो."

ह्यांनी मान वर केली. "तू आत गेलीस?"

"गेले. मारुती काही बोलला नाही."

"आणि पाचवा? त्याचाच असेल. लागला असेलच."

"लागला. मोठ्या चौकटीत." मी भाकरीचा तुकडा त्यांच्या ताटात टाकला. "त्यात दोघं आहेत. डावीकडचा त्यांचा. उजवीकडचा माझा. कापू दिला नाही त्याने."

हातातला घास हातातच राहिला. हे माझ्याकडे पाहत राहिले, मी थट्टा करते आहे का ते पाहत. मी करत नव्हते. त्यांचे डोळे भरले, माझेही भरले, आणि आम्ही दोघंही चुलीच्या धुरावर ढकलून मोकळे झालो.

मग त्यांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"परत सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून."